दवाखान्यातली सासू

गोवंडीच्या दवाखान्यात आम्हा एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांना शिकवायला एक ताई यायची. तिने स्वतःचं नाव कधी सांगितलं नाही, आमचंही चारचौघांत घेतलं नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "बाहेर भेटलीस तर मी तुला ओळखणार नाही हां. राग मानू नकोस. तू हाक मारलीस तरच थांबेन."

शिकवायची मात्र नाटक करून. डोक्यावर पदर घेऊन ती सासू व्हायची आणि मधाचं बोट बाहुलीच्या तोंडाशी न्यायची. आम्ही तिचा हात अडवायचा.

"असं अडवतात? सासू आहे मी, धर घट्ट! रोज गोळी घ्यायची, बाळाला औषध पाजायचं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध नाही, पाणी नाही. सासू भांडली तर डॉक्टरवर ढकल!"

आपापली पोटं सावरत आम्ही हसायचो. तसं हसणं नंतर कुठेच जमलं नाही.

माझी मुलगी निगेटिव्ह निघाली, तोवर ताईची बदली झाली होती. तिला सांगायचं राहूनच गेलं.

परवा जोगेश्वरीच्या बाजारात ती समोरून आली. केस पिकलेले, चाल तीच. माझ्यासोबत मुलगी आणि नणंद होती. नणंदेला यातलं काही माहीत नाही. मी हाक मारली नाही. ताईनेही माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मुलीपाशी मात्र थांबली.

"बाजूला हो गं बाळा, रिक्षा येतेय," म्हणत तिने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रिक्षा निघून गेली, तरी हात तिथेच होता.