शेवंताच्या वेण्या

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाई. नवऱ्याले नाई, बहिणीले नाई. वरोऱ्यात माझं ब्यूटी पार्लर आहे, दिवसभर बाया माझ्यापुढे बसून मन मोकळं करतात — मी मात्र गप.

कुरळ्या केसांची पोरगी आली की मी सांगते, कोरडे केस ओढून विंचरू नको. तेल लाव, बोटानं गुंता सोडव, टोकाकडून वर ये. मग वेण्या घाल, पण कपाळाशी ताणू नको, तिथले केस जातात. बाया विचारतात, कुठी शिकली वं? नागपूरच्या कोर्सले, म्हणते. साफ खोटं. मले हे शेवंतानं शिकवलं.

शेवंता गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावची. आठवीत ब्रह्मपुरीच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत होतो. तिचे केस — काय सांगू — दाट, कुरळे, कमरेच्या खाली. घरून मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल आणायची. उग्र वास. पोरी नाक दाबायच्या, मीही दाबायची. आणि दर रविवारी तिच्याच पुढे बसून तेच तेल माझ्या उंदराच्या शेपटीएवढ्या वेणीले लावून घ्यायची.

एक दिवस वॉर्डनबाईले आमच्या खोलीत फणी सापडली. दातांत उवा. फणी माझी. उवाही माझ्याच — आठवडाभर डोकं नुसतं खाजत होतं. बाईनं फणी नाकाशी नेली. टोरीचा वास. येणारच ना? शेवंतानंच तर माझ्या डोक्याले तेल चोळलं होतं. बाईनं मले विचारलं, "हिचीच ना?"

मी हो म्हटलं.

काऊन म्हटलं? भीती होती, पण तेवढीच नाई. मी तिच्या केसांवर जळायची. हे बोलायलेच इतकी वर्षं लागली.

कोणाचंच डोकं कोणी पाहिलं नाई. शेवंताले व्हरांड्यात स्टुलावर बसवलं आणि वेण्या न सोडताच कानाजवळून कापल्या. ती माझ्याकडे पाहत होती. आता तरी ही खरं बोलेल, असं तिले दुसरी वेणी पडेपर्यंत वाटत होतं. मी फरशीकडे पाहत राह्यली.

रविवारी ती म्हणाली, "ये, बस." सवयीनं म्हणाली की खात्री करायले, मले माहीत नाई. मी बसली — बसली, लाज नाई वाटली! तिनं भांग पाडला, हात थांबले.

"उवा तुह्याच डोक्यात हायेत वं."

एवढंच. मग एकेक ऊ काढली, तेल लावलं, दोन्ही वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या. उठून आपली गादी गुंडाळली आणि दुसऱ्या खोलीत गेली.

तिनं कोणाले सांगितलं नाई. दहावीपर्यंत आम्ही एकाच वर्गात होतो. केस मानेपर्यंत आले की शेवंता स्वतःच कात्री घेऊन कापायची.