वाढीव पेन्शनसाठी जोडीचा फोटो

एका सरकारी कंपनीतून मी निवृत्त झाले आणि दोनेक वर्षांनी पत्र आलं. हाती आलेल्या पीएफमधला मोठा हिस्सा परत भरला, तर पेन्शन वाढणार होती. माझ्यामागे त्यातली निम्मी यजमानांना मिळणार होती.

यजमान इथेच कुंभकोणममध्ये एका खासगी शाळेत गाणं शिकवायचे. त्यांना पेन्शन नाही. संध्याकाळची बस धरून मरुदानल्लूरला भजनाला जायचं, एवढीच त्यांची चैन.

"भरूया," मी म्हटलं.

"कशाला? एकदा दिलेले पैसे परत दिसतात का? त्यापेक्षा काशीला जाऊन येऊ."

"आणि मी आधी गेले तर?"

त्यांनी कॉफीचा पेला तसाच खाली ठेवला आणि उठून गेले.

घरात आमची जुनी तंजावरी मराठी. भांडणंसुद्धा तिच्यातच, म्हणजे शेजाऱ्यांना कळत नाहीत. पण पुढचे दोन दिवस हे माझ्याशी तमिळमध्ये बोलले, बिऱ्हाड बघायला आलेल्या परक्याशी बोलावं तसं. जेवण झालं का, किल्ली कुठे आहे, बस. मला हसूही येईना.

तिसऱ्या दिवशी शेंगा सोलता सोलता मीच विचारलं, "एवढं काय लागलं तुम्हाला?"

ते येऊन समोर बसले. मग मराठीत म्हणाले, "सगळी नोकरी तू रोज गाडीनं तंजावरला गेलीस. तुझे कष्टाचे पैसे ते. माझी सोय म्हणून का अडकवायचे?"

म्हणजे राग माझ्या मरणाच्या बोलण्याचा नव्हताच, निदान नुसता तेवढाच नव्हता.

"आणि गाडी वाटेत पापनाशमला अडकली, की स्टेशनवर कोण ताटकळत बसायचं? सायकल घेऊन, पावसातही? मुलीला ताप आला की रजा कोण काढायचं? मी एकटीनंच केली का ही नोकरी?"

त्यांनी एक शेंग उचलली, सोलली आणि चुकून दाणे सालींत टाकले. "भर मग," म्हणाले.

अर्जाला जोडीचा फोटो हवा होता. लग्नानंतर आम्हा दोघांचाच असा कधी काढलेला नव्हता. स्टुडिओत यजमान ताठ बसले, मधे हातभर अंतर. फोटोग्राफर तमिळमध्ये म्हणाला, "सर, आणखी जवळ." ते तसूभर सरकले. "आणखी, सर." तेव्हा मला मराठीत पुटपुटले, "या वयात काय हे!" कान लाल झाले होते. फोटोत मी हसतेय, ते त्यामुळेच.

मंजुरीला बरेच महिने लागले. मधे मलाही वाटायचं, चुकलं की काय. पण वाढीव पेन्शन सुरू झाली एकदाची.

आता महिना उजाडला की बँकेचा मेसेज बघायला तेच माझा फोन घेतात आणि स्वयंपाकघरात येऊन सांगतात, "आली बरं का." मी आधीच पाहिलेलं असतं. सांगत नाही.