आवाज तुटला की थांबायचं

माझा मामा टॉवर क्रेन चालवतो. साठ मीटर उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये तो दिवसभर एकटा बसतो आणि खालची माणसं सांगतील तसा माल उचलतो, फिरवतो, ठेवतो. एकवीस वर्षांत त्याच्या हातून एक वीटही पडलेली नाही. हे तो स्वतः कधी सांगत नाही. मामी सांगते, आणि लगेच पुढे म्हणते, "घरात मात्र दर आठवड्याला एक कप."

इंजिनिअरिंग संपवून पहिली नोकरी लागली तेव्हा मी सात महिने त्यांच्याकडे राहिले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही. पुढच्या खोलीत खिडकीशी मामीचं शिलाई मशीन. ती पँटी आखूड करते, चेन बदलते, शाळेच्या गणवेशांना बटणं लावते. आणि मशीनखाली, चिंध्यांच्या ढिगावर, सिमेंट.

सिमेंट म्हणजे कुत्रा. आठ वर्षांपूर्वी मामाला साइटवर गोण्यांच्या थप्पीत सापडला, रंगही गोणीतल्या मालासारखाच, म्हणून ते नाव. लाडात सिम्या. मामीने मात्र त्याला कधी नावाने हाक मारली नाही. "ए, सरक." "तुझे केस ह्या काळ्या पँटीवर, गिऱ्हाईक काय म्हणेल?" "पाय काढ तिथून, एक दिवस शिवला जाशील." हे दिवसभर चालू. मामीचा आवाज म्हणजे फ्रिजची घरघर. बंद पडला तरच लक्षात यायचा.

मार्चमध्ये एकदा ती जेवताना म्हणाली, "अहो, ह्याचा उजवा डोळा बघा जरा. गढूळ दिसतोय."

मामाने सिम्याला जवळ घेतलं, पापणी वर करून पाहिली. "धूळ गेली असेल. आम्हा सगळ्यांचे असेच तर असतात."

खोटं नव्हतं ते. साइटवर संध्याकाळी कुणाचेच डोळे पांढरे नसतात. मामाने स्वतःच्या डोळ्यांत घालायचे थेंब सिम्याच्या डोळ्यात घातले आणि विषय संपला. अकरा दिवसांनी सिम्याने खाणं सोडलं. भिंतीला डोकं टेकवून तो नुसता उभा राहायला लागला. तेव्हा मामाने त्याला उचललं आणि थेट प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी सोबत होते.

"डोळ्यातला दाब खूप वाढलाय," बाई म्हणाल्या. "ह्या डोळ्याने त्याला आता दिसत नाही. नुसता दुखतोय, आणि फार दुखतोय. काढून टाकावा लागेल."

"दोन आठवड्यांपूर्वी आणला असता तर?"

बाईंनी थोडा विचार केला. "कदाचित वाचला असता. नक्की कुणीच सांगू शकणार नाही."

मामाने 'कदाचित वाचला असता' एवढंच ऐकलं. पुढचं वाक्य मी त्याला नंतर दोनदा सांगितलं, तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही.

डोळा काढला. सिम्या घरी आला तेव्हा मामीने चष्मा लावून त्याच्याकडे निरखून पाहिलं. "टाके बरे घातलेत," ती म्हणाली. "दोरा कुठे ओढलेला नाही." मग मशीनखालच्या चिंध्या काढून तिथे तिने घडी केलेली चादर घातली. वर म्हणाली, "चिंध्यांचे दोरे जखमेला लागतील आणि मग मलाच निस्तरावं लागेल."

तिसऱ्या दिवशी सिम्या पोटभर जेवला. पाचव्या दिवशी शेपूट हलली. दुखणं गेल्यावर तो महिन्याभरापूर्वीपेक्षाही खुशीत दिसायला लागला. ह्यावर आम्ही सगळे सुटकेचा निःश्वास टाकणार, तेवढ्यात जिना आडवा आला.

आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. नऊ पायऱ्या, वळण, पुन्हा नऊ, असे सहा तुकडे. उतरताना प्रत्येक वळण उजवीकडे. म्हणजे वळणावर पोहोचलं की पुढच्या पायऱ्या नेमक्या त्या बाजूला, जिथे सिम्याला आता डोळाच नव्हता. पहिल्याच दिवशी तो पहिल्या वळणावर सरळ भिंतीवर गेला, गोंधळून मागे फिरला आणि चार पायऱ्या घरंगळला. लागलं काही नाही. पण त्यानंतर तो दारातच बसायचा. खेचलं तर पोट जमिनीला चिकटवायचा.

घरात घाण करणारा तो कुत्रा नव्हता. तासन्‌तास आवरून धरायचा आणि कण्हायचा. मग मामाने त्याला उचलायला सुरुवात केली. चोवीस किलो, चोपन्न पायऱ्या, दिवसातून तीन वेळा. दहाव्या दिवशी, दुसऱ्या मजल्यावर, मामाची पाठ धरली. सिम्याला त्याने हळूच खाली ठेवलं, कठडा पकडला आणि तो तिथेच वाकलेला राहिला.

"सहा टन उचलणारा माणूस," मामी त्याला वर आणताना म्हणत होती, "आणि चोवीस किलोला हरला." प्रत्येक पायरीवर मात्र ती त्याच्यासाठी थांबत होती.

डॉक्टरांनी महिनाभर घरी झोपून राहायला सांगितलं. पुन्हा उचलाउचल केलीत तर केबिनची शिडी कायमची बंद, असंही सांगितलं. त्याच संध्याकाळी मामीने तिच्या धाकट्या भावाला फोन केला. त्याची गावाबाहेर रोपांची नर्सरी आहे. घर जमिनीलगत, मोकळं आवार, एकही पायरी नाही.

"रविवारी गाडी घेऊन येतोय तो," तिने मामाला सांगितलं. "सिमेंटला तिकडे बरं पडेल."

आठ वर्षांत तिने पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं होतं. मामाच्याही ते लक्षात आलं असणार. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

रविवारला सहा दिवस होते. तेवढे दिवस मी आणि दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर, दोघं चादरीची झोळी करून सिम्याला खालीवर करत होतो. मधल्या वेळात त्याला पायऱ्या शिकवण्याचे प्रयोग चालायचे. पोस्टमास्तर खालून बिस्किटं दाखवत. समोरच्या दारातल्या ताई टाळ्या वाजवत. मी मागून ढकलायची. "ये, ये!" "इकडे, इकडे!" सिम्या मान गरागरा फिरवायचा आणि आणखी घट्ट बसायचा.

बुधवारी मामा पाठीला पट्टा बांधून भिंत धरत धरत दारात आला. "बंद करा हे! एका मालाला इशारे देणारा सिग्नलमन किती? एक. बाकीच्यांनी घरी जा."

मग तो स्वतः कसाबसा नऊ पायऱ्या उतरला आणि वळणावर उभा राहिला. "ये सिम्या. ये रे राजा." एवढं बोलून त्याने श्वास रोखला. सिम्याने एक पाय पुढे टाकला. जिन्यात चिडीचूप. पाय पुन्हा मागे गेला. मामाने पुन्हा हाक मारली, तेव्हा त्याचा आवाज कापत होता. माणसांना कळला तर कुत्र्याला कळणारच.

गुरुवारी एक छोटी गोष्ट घडली. मी दाराजवळ बूट घालत होते. मामी तयार पँटींची पिशवी घेऊन खाली निघाली, नेहमीसारखी स्वतःशी बडबडत. "सहा पँटी, सहा मापं, एकानेही नाव लिहून दिलं नाही. आता मी काय कमरेवरून माणूस ओळखू?" तिच्या मागून, तिला कळूही न देता, सिम्या उतरला. एक पायरी, दोन, पाच, वळण. मी बघतच राहिले. दुसऱ्या तुकड्याच्या मध्यावर तिला नखांचा आवाज आला. तिने वळून पाहिलं आणि ती गप्प झाली. सिम्या जागच्या जागी थिजला.

मी आत जाऊन मामाला हे सांगितलं. तो जमिनीवर उताणा पडलेला होता. डॉक्टरांनी मनाई केली होती तरी ताडकन उठून बसला आणि "आई गं" म्हणत पुन्हा आडवा झाला.

"ब्लाइंड लिफ्ट!" तो छताकडे बघत म्हणाला. "माल इमारतीच्या मागे असतो तेव्हा मला काही दिसत नाही. सिग्नलमन वॉकी-टॉकीवर बोलतो. पण 'खाली घे' असं एकदा बोलून भागत नाही. माल हलतोय तोवर त्याने बोलतच राहायचं. खाली, खाली, खाली, खाली. आवाज तुटला की थांबायचं. का तुटला ते विचारायचं नाही, जागच्या जागी थांबायचं. सिम्या बरोबर वागतोय गं! मी एकदा हाक मारून गप्प बसत होतो. चूक माझी."

मामी वर आली तशी तो म्हणाला, "उद्यापासून सिग्नलमन तू."

"मी? मला ते कुत्रं आवडतसुद्धा नाही."

"म्हणून तर. तुझा आवाज कापत नाही. आणि थांबत तर मुळीच नाही."

"हे कौतुक आहे की टोमणा?"

"एकवीस वर्षांत असा सिग्नलमन मिळाला नाही मला. आता तूच ठरव."

शुक्रवारी आणि शनिवारी मामीने त्याला एकेक मजला उतरवला. दोन्ही दिवशी खाली पोहोचायच्या आतच तिला मशीनवरची कामं आठवायची, ती बोलायची थांबायची आणि तोही थांबायचा. मग झोळी.

रविवारी दहाला खाली हॉर्न वाजला. मामीच्या भावाने पिकअपच्या मागच्या भागात गोणपाटं अंथरून आणली होती. चांगला माणूस. मामा कठडा धरत, दर वळणावर थांबत आधीच खाली जाऊन पत्रपेट्यांना टेकून उभा होता. मी त्याच्याजवळ होते. त्याने भावाला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

वरून मामीचा आवाज सुरू झाला.

"चल. ही पायरी. ही पण पायरीच. सगळ्या पायऱ्याच आहेत, नवीन काही नाही. हळू, तुला कुणी बक्षीस देणार नाहीये. कोपरा आला, माझ्याकडे वळ, माझ्याकडे. हां. काल त्या बाईंच्या नव्या ड्रेसवर बसलास. परवा टाचण्यांचा डबा सांडलास, एक अजून सापडली नाही, बहुतेक माझ्याच पायात सापडेल..."

आवाज एक मजला खाली आला. नखांचा टकटक आवाज त्याच्या मागोमाग. मग दुसऱ्या मजल्याच्या जरा खाली तिची यादी संपली. "आणि त्याआधी... त्याआधी काय केलंस बरं..." जिन्यात शांतता पसरली. नखं थांबली.

"ताई, काय झालं?" भाऊ ओरडणार होता. मामाने त्याचा दंड धरला.

पुन्हा आवाज आला तेव्हा तो खालच्या पट्टीत होता.

"पाच वाजले की खिडकीत जाऊन बसतोस. तेव्हा मी मशीन थांबवते. तुला ह्यांच्या बसचा ब्रेक ऐकू यावा म्हणून. कुणाला सांगितलं नाही कधी. ये, पुढे ये, खाली आहे पायरी. तुझा डोळा आधी मला दिसला होता. तू दिवसभर माझ्या पायाशी असतोस, त्यांच्या नाही. मी बोलले. पण एकदाच. कप फुटला तर मी दहादा बोलते, आणि हे एकदा बोलून गप्प बसले. ते म्हणाले धूळ. मलाही धूळच हवी होती. चल, थांबू नकोस. अजून एक. तिकडे नर्सरीत एवढी मोठी जागा आहे, पण तिथे दिवसभर तुझ्याशी बोलायला कोण आहे? झाडं? कोपरा आला बघ. माझ्याकडे."

मामाने पत्रपेटीच्या पत्र्यावर कपाळ टेकवलं. डॉक्टरीणबाईंचं 'नक्की कुणीच सांगू शकणार नाही' हे जे वाक्य मी दोनदा सांगूनही त्याच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं, ते आता कुठून तरी पोहोचलं असावं. त्याने हाक मारली नाही. खोकलाही नाही.

शेवटच्या नऊ पायऱ्यांवर आधी मामीच्या चपला दिसल्या, मग तिच्या मागे चार राखाडी पाय. जमीन लागताच सिम्याने वास घेतला, पूर्ण मान उजवीकडे वळवून डाव्या डोळ्याने मामाला शोधलं आणि जिथे डोळा नव्हता तीच बाजू त्याच्या गुडघ्यावर दाबून धरली.

"पोहोचला," मामी म्हणाली आणि पहिल्या पायरीवर बसून ती धापा टाकू लागली. "घसा कोरडा पडला माझा."

भाऊ कधी गाडीकडे बघत होता, कधी कुत्र्याकडे. "दाजी, मग मी आलो कशाला?"

"आला आहेस तर जेवून जा," मामी म्हणाली. "आणि वर दोन कुंड्या वाळल्यात, त्या ने."

मामा महिन्याने कामावर रुजू झाला. मामी दिवसातून तीनदा बोलत बोलत जिना उतरते आणि आमच्या घरातलं सगळं आता तिन्ही मजल्यांना कळतं. माझ्यासाठी आलेलं स्थळ पोस्टमास्तरांना माझ्याआधी कळलं.

मी तिथून निघायच्या आदल्या आठवड्यात मामाबरोबर बसमधून उतरले. आत शिरताना त्याने मला हाताने थांबवलं. वरून मामीचा आवाज उतरत होता, मागे नखांची टकटक. मामा पत्रपेट्यांच्या आडोशाला सरकला आणि मान कलती करून ऐकत उभा राहिला. कुणाची चेन तिसऱ्यांदा बिघडली, गुडघा आज कसा आहे, पोरगी गेली की घर किती मोठं वाटेल. रोज हेच करतो, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"...कोपरा आला, माझ्याकडे वळ," आवाज शेवटच्या वळणावर आला. "आणि खाली पेट्यांमागे कोण लपलंय ते मला माहीत आहे. त्याला म्हणावं, ऐकून झालं असेल तर दूध आण."