तळवलीचं महाबळेश्वर

मूर्खपणाची कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी. तळवलीच्या खोलीत आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी कंपन्यांच्या धुराला धुकं समजले. एखादा दिवस नव्हे, जवळजवळ अख्खी थंडी. बरं, समजून गप्प बसले असते तर कोणाचं काही गेलं नसतं. पण तेव्हाची मी म्हणजे मॅट्रिक नापास आणि सर्वज्ञ. त्या धुक्याची मी गावभर जाहिरात केली.

गाव आमचं पाटणकडचं. नव्वदीची सुरुवात असेल. मालक, म्हणजे माझा नवरा, मार्केटात माथाडी. खोली मिळाली तसे ते मला न्यायला आले. निघताना आबा, म्हणजे माझे वडील, स्टँडवर आले होते. थंडी त्यांच्या छातीला कधीच मानवली नाही. कार्तिक सरला की दम लागायचा तो शिमग्यापर्यंत. त्या दिवशीही घोंगडं तोंडावरून घेऊन उभे होते. एस्टी हलली, पण हात वर केला तर घोंगडं सुटेल, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. मी खिडकीतून ओरडले, "आबा, तुमाला बी नेते तिकडं! तिकडं थंडीच न्हाय!" मालक शेजारी बसून गालात हसत होते. दहा बाय दहाच्या खोलीची त्यांना कल्पना होती, मला नव्हती.

खोली आगरी घरमालकाच्या चाळीत. समोर ठाणे-बेलापूर रस्ता, पलीकडे कंपन्यांच्या चिमण्या. दिवसा घामाच्या धारा. पण डिसेंबर लागला तशी संध्याकाळी वारा पडायचा, हवा किंचित गार व्हायची आणि रस्त्यावर पांढरट काहीतरी उतरून बसायचं. खांबावरचे दिवे त्यात पिकल्या बोरांसारखे दिसायचे. मी हरखले. म्हटलं, हे तर महाबळेश्वर! आता महाबळेश्वर मी कुठे पाहिलं होतं? आमच्या गावापासून फार लांब नाही, पण शेंगा तोडणाऱ्या पोरीला तिथं हवा खायला कोण नेतंय?

घरमालकीण हौसाबाय. चाळ उभी होती तिथून रस्त्यापर्यंत एके काळी तिची भातशेती होती. मी दारात उभी राहून धुकं बघतेय हे पाहून ती म्हणाली, "अगो बाय, ता धुका नाय, कंपनीचा धूर हाय. धुक्याला कंदी वास येतं काय?"

मी म्हटलं, "मावशी, शहरातलं धुकं आहे. थोडा वास असायचाच."

ती कपाळाला हात लावून आत गेली.

त्यात आमची रीत अशी, की तिन्हीसांजेला दिवा लावला की दार-खिडकी उघडी ठेवायची. बंद दारावरून लक्ष्मी परत फिरते, असं आईनं मनावर कोरलेलं. चाळीतल्या बायका नेमक्या त्याच वेळी फटाफट खिडक्या लावून घ्यायच्या. मला वाटायचं, काय या शहरातल्या बायका, ना रीत ना भात. एकटी मीच सगळं उघडं टाकून, पदर डोक्यावर घेऊन लक्ष्मीची वाट बघत बसायची. हौसाबाय जाता जाता टोमणा टाकायची, "तुजी लक्ष्मी खोकत येल गो घरान!"

मी कशाला ऐकतेय? गावाकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर माझा निरोप: आबांना पाठवा, इथं ऊब आहे, खाडीची हवा आहे, संध्याकाळी नुसतं नावाला धुकं पडतं. तालुक्याच्या डॉक्टरनंही त्यांना उबदार जागी न्या म्हणून सांगितलं होतं. तरी आबा तयार होईनात. लेकीच्या घरी मुक्काम म्हणजे त्यांना तोंड लपवण्यासारखं. शेवटी संक्रांत झाल्यावर, छाती फारच भरली तेव्हा, एका गाववाल्याबरोबर आले. हातात शेंगांची पिशवी, अंगावर घोंगडं.

आणि मी त्यांना काय केलं? रोज दिवेलागणीला दारात पोतं अंथरून, पाठीला उशी देऊन बसवलं. चांगल्या हवेत!

"कसं वाटतंय आबा?"

"झ्याक."

"धुकं बघा की कसं उतरलंय."

"बघतोय की." मग टॉवेल तोंडाशी धरून बराच वेळ खोकायचे. एकदा डोळे पुसत म्हणाले, "हितलं धुकं जरा तिखाट हाय." मी खो खो हसले. आबांना शहर कळत नाही, असं मालकांना सांगून पुन्हा हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "सुमे, खिडकी लावत जा." मी म्हटलं, तुम्ही दिवसभर गोणी उचलता, तुम्हाला हवेतलं काय कळतंय?

मग ती संध्याकाळ आली. पान हलत नव्हतं. सडक्या अंड्यांसारखा वास, समोरचे दिवेसुद्धा दिसेनात. मी आत भाकरी थापत होते. बाहेरून आबांचा आवाज येईना, म्हणून डोकावले तर ते दोन्ही हात जमिनीला टेकून, तोंड उघडं टाकून हवा ओढत होते. ओठ जांभळे. मी नुसती किंचाळले. हौसाबाय धावत आली, रस्त्यात आडवी उभी राहून तिनं रिक्षा थांबवली, आबांना एका बाजूनं धरलं. सबंध वाटेत त्यांची मान माझ्या खांद्यावर. मी एकच घोकत होते: आबा, श्वास घ्या. कुठला घेतील? बाहेर होता का तो?

दवाखान्यात सुई दिली, नाकाला वाफेचं मशीन लावलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "संध्याकाळी यांना घरातच ठेवता ना?"

मी म्हटलं, "नाही. दारात बसवते. हवेला."

बाई लिहायच्या थांबल्या. हौसाबायनं मान खाली घातली. बाईच्या जातीला शोभेल इतकी लाज मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटली. बाई एवढंच म्हणाल्या, "गावाला पाठवा त्यांना. तिथली थंडी परवडली."

जे तुम्ही गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे इकडे आलात, त्या दोघांनाही सांगते: आता मी खारघरला लेकाच्या फ्लॅटमध्ये असते. नात मोबाईलमध्ये बघून ओरडते, "आजी, बाल्कनीत नको, हवा पुअर दाखवतेय." मी म्हणते, गरीब बिचारी, येऊ दे की आत. ती चिडते. मी गुपचूप खिडकी लावून घेते. मध्ये गावी गेले होते. पहाटेची स्वच्छ, धारदार हवा छातीत गेली आणि मी अशी खोकत सुटले की भावजयीला वाटलं, म्हातारी आता जाते. इकडे परतले, तर खोकला थांबला. म्हणजे छातीनं कधीतरी घर बदललं, मला न विचारता. मन अजून तिकडेच आहे म्हणतात, असेल बापडं. श्वास मात्र इथलाच लागतो, आणि त्याचा मला थकवा येतो.

त्या वेळी आबांना गावच्या गाडीत बसवायला मी आणि मालक हायवेला गेलो होतो. मी रस्त्यातच हमसून रडायला लागले. म्हटलं, आबा, मी तुम्हाला बरं करायला आणलं होतं. त्यांनी घोंगडं सावरलं, थोडा श्वास जमवला आणि म्हणाले,

"माझं काय, पोरी, एस्टीत बसलो की सुटलो. ह्या हवंत ऱ्हायाचंय तुला."