बायकी कारभार

लोखंडाचा चुरा कितीही झाडा, संध्याकाळपर्यंत पुन्हा साचतोच. किस्स्यांचंही तसंच. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत, टिनाच्या शेडखाली आमचा कूलर बनवायचा कारखाना होता. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडून मी तिथं पत्रा कापायला लागलो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. त्या एका उन्हाळ्यात तिथं जे साचलं, ते मित्र भेटले की अजून बाहेर पडतं.

*

ऐन एप्रिलात आमचा फोरमन भांडून निघून गेला. खुर्ची आता आपलीच, असं नारायणराव मिस्त्रींनी धरूनच ठेवलं होतं. तीस वर्षं पत्रा कापलेला माणूस! पण मालकांनी खुर्ची दिली कमलताईंना. ताई तोवर बायकांच्या घोळक्यात बसून कूलरच्या ताट्यांमध्ये, म्हणजे बाजूच्या जाळ्यांमध्ये, वाळा भरायच्या. त्या घोळक्यात कधी भांडण नाही, कधी खाडा नाही, हे मालकांनी पाहिलं होतं.

अट एकच. धंतोलीच्या एका दवाखान्याची चाळीस कूलरची ऑर्डर मे संपायच्या आत गेली, तर खुर्ची कायमची. नाहीतर ताई परत ताट्या भरायला.

नारायणराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईले काय समजते गा पत्र्यातलं?"

"पत्र्यातलं तुमाले समजते ना?" ताई म्हणाल्या. "मंग झालं. मले माणसाइकडे पाहू द्या."

त्या दिवसापासून मिस्त्रींनी आमच्या कारखान्याचं नाव ठेवलं, 'बायकी कारभार'.

*

अख्ख्या नागपूरला गार करणाऱ्या आमच्या शेडमध्ये एकही कूलर नव्हता! होता तो एक, फोरमनच्या केबिनमध्ये. ताईंनी पहिल्याच दिवशी केबिनमधून खुर्ची उचलून शेडमध्ये आणली. मागोमाग कूलरही.

मालक धावत आले. "अहो ताई, मग केबिनचं काय करायचं?"

"पत्रे ठेवू मालक. पत्र्याले उकडत नाही."

*

रमेशनं एका सकाळी तीन पत्रे वाकडे कापले. जुना फोरमन असता तर आईबहीण काढून, तोच पत्रा पाठीत घातला असता. आमच्या म्हाताऱ्यांना त्याचा अभिमान! "मार खाऊनच शिकलो आमी." काय शिकलात? मारायला!

ताईंनी रमेशला बाजूला घेतलं. "घरी कोन बिमार हाय?"

त्याची बायको बाळंतपणाला अडली होती, आणि हा इथं पत्रा कापून राहिला होता. ताईंनी त्याला दोन दिवस घरी पाठवलं. त्याचं काम आम्ही वाटून घेतलं.

नारायणराव भडकले. "असं केलं तं उद्या सगळ्याइच्या बायका बाळंत होतीन!"

"होऊ द्या," ताई म्हणाल्या. "तुमची झाली तं तुमालेही दोन दिवस देईन."

मिस्त्रींची बायको तेव्हा नातवाला शाळेत सोडायला जात होती!

*

रामदासपेठेतले एक वकील भांडायला आले. "तुमचा कूलर हवा फेकतो, पण खोलीत नुसता चिकचिकाट! फसवणूक आहे ही!" आमचे फिटर बाह्या सारून तयार. ताईंनी वकिलांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या.

कूलर ठणठणीत होता. पण खोलीची दारं-खिडक्या सगळी गच्च बंद! ताई सरळ स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्या सुनेला म्हणाल्या, "काय वं, कूलर काहून गार नाही करत?"

सून हळूच म्हणाली, "समोरची खिडकी उघडली की करतो. दुपारी मामंजी कोर्टात गेले की मी उघडते."

वकीलसाहेब पंधरा दिवस कायद्याची पुस्तकं चाळत होते. घरात विचारलं नव्हतं!

*

मग आमचे तीर्थरूप आले. भर शेडमध्ये ओरडले, "कॉलेज सोडलंस ते सोडलंस, वर बाईच्या हाताखाली? चार लोकांत काय सांगू मी?"

ताईंनी पाण्याचा गडू पुढे केला. "बसा भाऊ. पोरानं कॉलेज काहून सोडलं?"

"मला काय माहीत!"

"दीड वर्ष झालं म्हनते. विचारलं नाही?"

बाप पाणी न पिताच गेला. दीड वर्षात हा प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस. उत्तर मी ताईंना दिलं. तुम्हाला देणार नाही.

*

आणि हा शेवटचा.

"तीस वर्षात एक सुट्टी नाही!" ही नारायणरावांची फुशारकी. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तेच यायचे बंद झाले. पत्रा ज्यावर ठेवून कापायचा, ते मापाचे फर्मे त्यांच्या पेटीत, पेटीला कुलूप. ते फर्मे त्यांनी कधी कोणाच्या हाती दिले नव्हते. काम ठप्प! म्हाताऱ्यानं डाव साधला, असं आम्ही सगळेच म्हणालो. मालक म्हणाले, "तोडा कुलूप!"

"कुलूप तोडून फर्मे भेटतीन," ताई म्हणाल्या. "नारायणराव नाही भेटनार."

माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून ताई त्यांच्या घरी गेल्या. म्हातारा खाटेवर. ऊन लागलेलं, अंग तव्यासारखं तापलेलं. तशा अंगानं तीन दिवस कामावर आला होता! आम्हाला पाहून भिंतीकडे वळला. "कारखान्यात सांगू नका."

ताईंनी कैरीचं पन्हं केलं, त्यांच्या तळपायांना कांदा चोळला. पेटीचा विषय काढलाच नाही. आम्ही निघालो तेव्हा मिस्त्रींनी उशीखालून किल्ली काढून माझ्याकडे फेकली.

पण चार दिवस वाया गेलेच. एकतीस मेच्या संध्याकाळी कूलर भरले छत्तीस.

मालकांनी मोजले. पुन्हा मोजले. नारायणराव त्याच दिवशी कामावर आले होते, कानाला पंचा बांधून. मालक म्हणाले, "ताई, ठरलं होतं तसं. नारायणराव, उद्यापासून या खुर्चीवर तुम्ही बसा."

ताई उठल्या.

नारायणरावांनी खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही. मालकांना वळसा घालून ते ताईंपुढे जाऊन उभे राहिले.

"ताई, मले उद्या सुट्टी पाह्यजे."

"काहून?"

"थकलो."

"घ्या," ताई म्हणाल्या. "पन परवा लवकर या, चार कूलर बाकी हायेत."