दोन गरोदर बायका आणि एक पहारेकरी

चार बायका जमल्या आणि बाळंतपणाचा विषय निघाला की प्रत्येकीच्या पोतडीतून एकेक किस्सा निघतोच. माझ्याकडे एकाच वर्षाचा एवढा साठा आहे की बाकीच्यांची पाळीच येत नाही. स्वाइन फ्लूचं वर्ष! बडोद्यात मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा एक सोडून दोन गरोदर बायका होत्या. एक मी, आणि दुसरी माझी नणंद वैशाली. ती करजणहून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मीही माझ्या माहेरी गेले असते, पण माझं माहेर पुण्याचं, आणि त्या वर्षी पुण्याचं नाव काढलं की माणसं दोन पावलं मागे सरकायची.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना सांगितलं होतं, "गरोदर बाईला हा ताप फार वाईट. आईलाही आणि बाळालाही. गर्दी टाळा, हात धुवा." हे ऐकलं आणि आमच्या सासूबाईंनी घराच्या दाराची कडी ताब्यात घेतली. माझ्या सासऱ्यांचे आजोबा बडोदे संस्थानच्या पागेत होते. त्यांची तलवार वाटणीत बडोद्यातच वासण्याला राहणाऱ्या सासऱ्यांच्या भावाकडे, आमच्या काकांकडे गेली, पण दरारा मात्र रक्ताचं नातं नसताना आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे आला.

* * *

माझ्या आईनं पुण्याहून कुरिअरनं डिंकाचे लाडू पाठवले. सासूबाईंनी खोकं चिमट्यानं उचललं.

"पुण्याचं आहे. आधी ऊन खाऊ दे त्याला," म्हणाल्या, आणि लाडू ताटात मांडून गच्चीवर ठेवून आल्या.

तासाभरानं बघतात तर वानरांची अख्खी टोळी ताटाभोवती पंगत मांडून बसलेली! एक लाडू उरला नाही. मला रडू कोसळलं. आईच्या हातचे लाडू होते ते. सासूबाई मात्र पुढचे दोन दिवस गच्चीच्या दारातून वानरांवर नजर ठेवून होत्या.

"काय बघताय आई?"

"एखादं शिंकतंय का ते."

* * *

सुधीर, म्हणजे माझा नवरा, कंपनीतून शिफ्ट करून आला की आधी खाली पार्किंगमधल्या नळावर आंघोळ, मग घरात प्रवेश. सोसायटीतले लोक बघायचे. त्याला लाज वाटायची, पण आईपुढे बोलणार कोण?

एकदा तो आंघोळ करून, केस पुसत आत आला आणि दारातच शिंकला. एकदा नाही, लागोपाठ. सासूबाईंनी तिथल्या तिथे त्याची बॅग भरली. "वासण्याला काकांकडे जा. ठणठणीत झालास की ये."

बिचारा ओल्या केसांनी स्कूटर काढून गेला. आठवडाभर काकांकडे धट्ट्याकट्ट्या माणसासारखा जेवत होता. तो गेल्यावर वैशालीला शिंका सुरू झाल्या, मग मला, मग खुद्द आईंना. तेव्हा कुठे आमचं लक्ष गेलं. आईंनी घर शुद्ध करायला कडुलिंबाच्या धुरीत मूठभर सुक्या मिरच्या घातल्या होत्या.

* * *

वैशालीचं डोहाळजेवण करायचं की नाही यावर घरात बराच खल झाला. लेकीची ओटी भरल्याशिवाय आईंना चैन पडेना, आणि बायकांना घरात घ्यायचं तर त्याहून पडेना.

शेवटी पाच सुवासिनी खाली पार्किंगमध्ये उभ्या केल्या, अंतर राखून, तोंडाला रुमाल बांधून. आम्ही वर गॅलरीत. भाजीवाल्याकडून भाजी वर घेतो त्या दोरीच्या टोपलीतून ओटी भरली! एकेकीनं टोपलीत तांदूळ, नारळ, खण ठेवायचा आणि सासूबाईंनी टोपली वर ओढायची. समोरच्या निरुमासींनी खालून गुजराती गाणं धरलं. रुमालातून शब्द कळत नव्हते, पण चाल गोड होती. तिसरा नारळ अर्ध्यात सुटला आणि सुधीरच्या स्कूटरच्या सीटवर आपटला.

"शुकन सारा छे!" निरुमासी खालून ओरडल्या. शकुन चांगला आहे म्हणे!

वैशाली हसली, पण तिनं पोटावरचा हात काढला नाही. त्या दिवसांत आम्ही दोघी हसायचो तेव्हाही हात तिथेच असायचा.

* * *

वेळ जायला आम्ही नावांवरून भांडायचो. मला मुलगी झाली तर ईरा ठेवायचं होतं. वैशालीलाही तेच.

"ते नाव माझं आहे, वहिनी. मी कॉलेजपासून धरून ठेवलंय."

"पण माझा नंबर आधी आहे. दीड महिन्यानं पुढे आहे मी."

"आणि बारशाला तुझ्या बाळाच्या कानात कुर्र्र कोण करणार? आत्या! मी काहीतरी भलतंच सांगीन. बस मग आयुष्यभर तेच नाव घेऊन."

नाव ठेवायचा मान आत्याचा. सासूबाई म्हणाल्या, "आधी दोघी धडपणे मोकळ्या व्हा. नावं कुठे पळून जात नाहीत."

* * *

एवढा पहारा असून ताप आला. कुठून आला ते आजही कोणाला माहीत नाही. दुपारी जेवता जेवता वैशाली म्हणाली, "आई, मला थंडी वाजतेय." संध्याकाळपर्यंत तिला धाप लागायला लागली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर एकच वाक्य सांगितलं, "थांबू नका, मोठ्या हॉस्पिटलला न्या."

सासूबाईंनी पाच मिनिटांत पिशवी भरली. मी दारापाशी गेले तर त्यांनी हात वर करून मला लांबच थांबवलं.

"मी तिच्याबरोबर जातेय, अनघा. म्हणजे आता मला या घरात यायला बंदी. तू मोकळी होशील तेव्हाही मी नसेन." मग दाराकडे बोट करून म्हणाल्या, "कडी आता तुझ्याकडे. कोणालाही आत घ्यायचं नाही. मलासुद्धा."

मी कडी लावली आणि दाराला पाठ टेकून रडले. मला स्वतःच्या जिवाची भीती वाटत होती, आणि त्या वेळी स्वतःची भीती वाटते याची लाजही वाटत होती.

* * *

मला कळा सुरू झाल्या तेव्हा वैशाली ऑक्सिजनवर होती. माझ्याबरोबर प्रसूतिगृहात निरुमासी आल्या. टेबलावर पाणी पिताना मला ठसका लागला, आणि अख्खा स्टाफ भिंतीला चिकटला!

"अरे, पाणी अटक्युं छे एने!" निरुमासी कडाडल्या. तेव्हा कुठे माणसं परत जवळ आली.

मुलगी झाली. सासूबाईंना फोन केला. त्या वॉर्डबाहेरच्या बाकावर होत्या. "रडली का लगेच?" एवढंच विचारलं. मी विचारलं, "वैशाली?" त्या म्हणाल्या, "बाळाचे ठोके आहेत."

* * *

बारसं पुढे ढकलावं असं सुधीरचं म्हणणं होतं. पण वैशालीनंच निरोप पाठवला, "करा. आत्या फोनवर कुर्र्र करेल."

घरात आम्ही दोघं आणि निरुमासी. पाळण्याला फुलं बांधली. तिकडे सासूबाईंनी वैशालीच्या तोंडाशी मोबाइल धरला, इकडे मी स्पीकर लावून बाळाच्या कानाशी. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग बारीक आवाजात "कुर्र्र" झालं. आणि मग ती म्हणाली, "ईरा."

सुधीरनं तोंड फिरवलं. पलीकडे सासूबाईंचा हुंदका ऐकू आला. वैशाली आपलं नाव का देऊन टाकतेय ते कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

मी फोन तोंडाजवळ घेतला. "वैशाली, काहीच ऐकू आलं नाही."

"ईरा," ती पुन्हा म्हणाली, सगळा जोर लावून.

"नेटवर्क नाहीये गं इथे. तू घरी ये आणि सांग. तोवर आमची राहील बिननावाची." आणि मी फोन बंद केला.

निरुमासींनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मनेय कंई ना संभळायुं." त्यांनाही काही ऐकू आलं नव्हतं.

* * *

उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या सकाळी बेल वाजली. गच्च्यांवर आरडाओरडा चालला होता, पतंगांनी आभाळ भरलं होतं. मी कडी काढली. दारात सासूबाई, आणि त्यांच्या मागे वैशाली. गालांची हाडं वर आलेली, पण स्वतःच्या पायांवर उभी. कुशीत दुपट्यात गुंडाळलेली तिची लेक. तापातून उठून ती हॉस्पिटलातच बाळंत झाली होती; डॉक्टरांनी मोकळं केल्यावरही आईंनी दोघींना आधी वासण्याच्या काकांकडे ठेवून घेतलं होतं, आणि आमच्यासारखंच वैशालीनंही स्वतःच्या लेकीचं बारसं अडवून धरलं होतं.

मी आडवा हात धरला. "आधी साबण."

सासूबाईंनी मुकाट्यानं दोन्ही हात पुढे केले.

मग भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सगळ्यांना आत घेतलं. वैशालीनं आपली लेक आईंच्या मांडीवर दिली, मास्क नीट केला आणि सरळ पाळण्याशी गेली. वाकली, आणि वाकल्या वाकल्या मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाली,

"वहिनी, आता येतंय का ऐकू?"