सुका दोरा

२००४ च्या सुमारास आमच्या रत्नागिरीतल्या सोनोग्राफी केंद्रात एक नवं यंत्र चाचणीसाठी आलं. पोटावर फिरवायच्या प्रोबला चार चकचकीत गोळ्या बसवलेल्या. समोरचा कॅमेरा त्यांवरून प्रोब नेमका कुठे आहे ते सांगायचा. त्या भरवशावर डॉक्टर पेशंटच्या पोटात सुई घालणार होते. म्हणून रोज सकाळी आधी जुळणी: पाण्याच्या टबात नायलॉनचे दोन दोरे फुलीसारखे ताणायचे आणि प्रोबने ती फुली सगळ्या बाजूंनी बघायची. कुठूनही बघितली तरी पडद्यावर फुली जागची हलता कामा नये.

जुळणी माझ्याकडे होती. भिंतीवर मी बारा कामांची यादी लावली होती. जो काम करील त्याने पुढे सही करायची. दोरे ताणायला मावशी. त्या जवळच्या भाट्ये गावच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. नवरा गेल्यावर आमच्याकडे साफसफाईला लागल्या होत्या, दोन मुली शाळेत होत्या. त्यांनी मारलेली गाठ सुटत नसे.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "बाई, सुका दोरा नका ताणू. जाळ्याचा दोरा आम्ही आधी भिजवतो, मग ताणतो. नायतर पाण्यात ढिला पडतो."

"यादीत आहे तसं करा, मावशी."

आठवडाभर फुलीच्या जागेत चार मिलिमीटरचा फरक येत राहिला. शेवटी डॉक्टर भडकले. "मावशी, इथे माणसाच्या पोटात सुई जाते. बांगडे नाही धरायचे!"

सगळे हसले. मीही.

मावशी माझ्याकडे वळल्या. "बाई, मी बोलले होते ना तुम्हाला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादी काढून त्यांच्यापुढे धरली. चौथं काम, दोरे ताणणे. पुढे सातही दिवस मावशींची वाकडी सही.

"उद्यापासून येऊ नका," ते मावशींना म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी दोरा भिजत घातला. सकाळी ताणला. फरक एका मिलिमीटरच्या आत आला. यादीत मी नवं काम घातलं, 'दोरा आदल्या दिवशी भिजवणे', आणि पुढे माझी सही केली.

"काम करावं तर तुमच्यासारखं," डॉक्टर म्हणाले. मी थँक्यू म्हटलं.

वर्षभराने मासळी बाजारात मावशी टोपलीमागे बसलेल्या दिसल्या. शाळेच्या वेळेला मोठी मुलगी शेजारी बसून मासे कापत होती.

"बाई, दोरा भिजवता ना आता?"

"हो," मी म्हटलं, आणि बांगडे नीट साफ करून द्यायला सांगितले.